व्हिसाच्या पुढचे काम: जर्मनीतील विद्यार्थी निवास परवाना

जर्मनीत शिकायला निघालेल्या बहुतेकांच्या घरी असा समज असतो की पासपोर्टवर व्हिसा चिकटला की सरकारी काम संपले. प्रत्यक्षात तो व्हिसा देशात प्रवेश करण्यापुरता आणि सुरुवातीचे काही महिने राहण्यापुरताच असतो. त्यापुढे राहण्याची परवानगी तेथे पोहोचल्यावर, आपण ज्या शहरात राहतो तेथील परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेकडून, स्वतंत्रपणे मिळवावी लागते. मी २०२४च्या हिवाळी सत्रात पूर्व जर्मनीतील एका मध्यम आकाराच्या शहरात पदव्युत्तर शिक्षणासाठी दाखल झाले. माझ्या व्हिसाची मुदत मार्च २०२५च्या मध्याला संपत होती आणि निवास परवान्याचे कार्ड हातात पडले ते जूनमध्ये. या दोन तारखांच्या मधला काळ कसा गेला आणि त्या काळात माझे कायदेशीर स्थान नेमके काय होते, हे सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले, कारण मला तेव्हा हवी असलेली माहिती तुकड्यातुकड्यांत आणि बहुधा ऐकीव स्वरूपात मिळाली होती. शहराचे नाव मी मुद्दाम देत नाही. कायदा सर्वत्र एकच असला तरी प्रत्येक कार्यालयाची कामाची रीत वेगळी असते.

भारतातल्या टप्प्यांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. नोव्हेंबर २०२२पासून भारतीय अर्जदारांना एपीएसचे, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासणाऱ्या जर्मन केंद्राचे, प्रमाणपत्र बंधनकारक आहे, त्यासाठी दहावीपासूनच्या गुणपत्रिका पाठवाव्या लागतात, आणि त्यानंतर विद्यापीठाचे प्रवेशपत्र, आरोग्य विमा व ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीक रक्कमच देणारे खाते) यांसह, व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या केंद्रात अर्ज द्यावा लागतो. हा सगळा भाग वेळखाऊ आहे, परंतु सरळ आहे, कारण कोणता कागद केव्हा द्यायचा याची यादी आधीच हातात असते. जर्मनीत उतरल्यावर मात्र यादी असली तरी एक अडचण उभी राहते: यादीतला प्रत्येक कागद मिळवण्यासाठी यादीतलाच दुसरा एखादा कागद आधी लागतो.

या साखळीचे पहिले टोक म्हणजे पत्ता. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नागरिक कार्यालयात जाऊन आपला पत्ता नोंदवणे कायद्याने आवश्यक आहे. या नोंदणीला जर्मन लोक आन्मेल्डुंग म्हणतात आणि आपली मुले सिटी रजिस्ट्रेशन म्हणतात. नोंदणीसाठी भाडेकरार पुरत नाही. ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या घरात राहते, असे घरमालकाच्या सहीचे वेगळे पत्र लागते. नोंदणीचा दाखला मिळाल्याशिवाय माझ्या बँकेने खाते उघडले नाही, आणि चालू खात्याचा क्रमांक दिल्याशिवाय ब्लॉक्ड अकाउंटमधून दरमहाची रक्कम सुटली नाही. म्हणजे लाखो रुपये माझ्याच नावावर जर्मनीत पडून असताना पहिल्या महिन्याचे भाडे मी भारतातून आणलेल्या रोख युरोंतून भरले. नव्याने येणाऱ्यांना मी आवर्जून सांगते की पहिल्या दीड-दोन महिन्यांचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर ठेवावा.

विद्यार्थी वसतिगृहासाठी प्रतीक्षा यादी होती, त्यामुळे आल्याआल्या मी एका खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहिले. मूळ भाडेकरूने खोली दाखवताना सहज सांगितले, "राहा हवे तितके, फक्त येथे नोंदणी करता येणार नाही." स्वस्त खोल्यांच्या जाहिरातींत ही अट वारंवार दिसते आणि घाईत असलेला विद्यार्थी ती मान्यही करतो, परंतु परवान्याच्या दृष्टीने अशी खोली निरुपयोगी असते. या अडचणीवर उपाय म्हणून काही जण पैसे घेऊन भलत्याच पत्त्याचे घरमालकाचे पत्र मिळवून देतात. प्रत्यक्षात राहत नसलेल्या व्यक्तीला नोंदणीसाठी पत्ता देणाऱ्यास ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, हे ते सांगत नाहीत. मी त्या वाटेला गेले नाही. त्याच आठवड्यात दुसरी, विद्यापीठापासून दूर व थोडी महाग खोली शोधली, जिच्या मालकीणबाईंनी पत्र तर दिलेच, शिवाय टपालपेटीवर माझे आडनाव स्वतःच्या हाताने लिहून चिकटवले. त्या चिठ्ठीचे महत्त्व मला नंतर कळले. जर्मनीत टपाल पेटीवरच्या नावावर येते. नाव नसेल तर पत्ता बरोबर असूनही पत्र परत जाते, आणि परवान्याशी संबंधित सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी टपालानेच येतात.

नोंदणी झाल्याबरोबर दोन पत्रे आली: एक कर क्रमांकाचे, आणि दुसरे दरमहा १८.३६ युरोंच्या रेडिओ-दूरदर्शन वर्गणीचे. माझ्याकडे यांपैकी एकही यंत्र नव्हते, पण ही वर्गणी घरटी असते, यंत्रावर नसते. पत्ता नोंदवला याची पहिली पावती सरकार अशी देते.

नावाचा प्रश्न येथेच सुरू झाला, आणि तो खास आपल्याकडचा असल्यामुळे थोडे थांबून लिहिते. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत असते. पासपोर्टवर माझ्या नावाच्या रकान्यात माझे व वडिलांचे अशी दोन्ही नावे आहेत आणि आडनाव स्वतंत्र रकान्यात आहे. जर्मन पद्धतीत वडिलांचे नाव असा प्रकारच नाही. नावाच्या रकान्यातली सगळी नावे त्या व्यक्तीचीच धरली जातात. परिणामी नागरिक कार्यालयाच्या नोंदीत मी एका पुरुषाचे नाव धारण करणारी स्त्री झाले, विद्यापीठात केवळ पहिल्या नावाने नोंदले गेले, आणि विमा कंपनीच्या पहिल्या पत्रावर गुणपत्रिकेप्रमाणे आडनावच आधी छापून आले. तिन्ही कागद एकाच व्यक्तीचे आहेत हे आपल्याला दिसते. फाइल तपासणाऱ्या परक्या माणसाला ते दिसेलच असे नाही. मी अर्जाच्या आधी विद्यापीठ आणि विमा कंपनी या दोघांनाही पासपोर्टची प्रत पाठवून नोंदी पासपोर्टप्रमाणे करून घेतल्या. पुढे ज्यांच्याकडून खुलासा मागवला गेला, त्यांच्यापैकी अनेकांचा खोळंबा याच कारणाने झाला होता.

विम्याबद्दल मला काही त्रास झाला नाही. तिशीच्या आतील विद्यार्थ्यांना सार्वजनिक आरोग्य विम्याचा विद्यार्थी दर मिळतो. माझा हप्ता महिन्याला सव्वाशे युरोंच्या थोडा पुढे होता आणि २०२५ सुरू होताच तो वाढला. विमा असल्याची सूचना कंपनीकडून विद्यापीठाला थेट जाते, परवान्यासाठी मात्र वेगळे प्रमाणपत्र मागवून घ्यावे लागते.

आमच्या शहरातील भारतीय विद्यार्थ्यांच्या गटात परवान्याविषयी रोज नवी बातमी असे. कोणी सांगे, परदेशी नागरिकांच्या कार्यालयात भेटीची वेळ मिळाली नाही तर व्हिसा संपण्याच्या आदल्या दिवशी देश सोडावा लागतो. कोणी सांगे, काही होत नाही, वर्षभर कोणी विचारत नाही. या दोन टोकांच्या मधले खरे काय ते मला सोलापूरच्या एका सीनियरने सांगितले. त्याला आम्ही सगळे दादा म्हणत असू. तो म्हणाला, "भेट कधी मिळते याची काळजी करू नकोस. मुदत संपायच्या आत अर्ज गेला पाहिजे आणि गेल्याचा पुरावा तुझ्याकडे पाहिजे. बाकी कागद मागाहून देता येतात, ती तारीख मागाहून देता येत नाही." पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या जर्मनच्या बळावर मी निवास कायद्याचे ८१ वे कलम वाचले, तेव्हा त्याचे म्हणणे अक्षरशः बरोबर असल्याचे आढळले. आधीची परवानगी, आणि त्यात दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसाही आला, संपण्यापूर्वी अर्ज केला असेल तर त्या अर्जावर निर्णय होईपर्यंत आधीची परवानगी चालू असल्याचे मानले जाते. काम करण्याचा हक्कही तसाच पुढे चालतो.

म्हणून मी जानेवारी २०२५मध्येच शहराच्या संकेतस्थळावरून अर्ज भरला. पासपोर्टच्या पानांच्या प्रती, विद्यापीठात नाव दाखल असल्याचे प्रमाणपत्र, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, भाडेकरार, विम्याचे प्रमाणपत्र आणि ब्लॉक्ड अकाउंटचा उतारा असे सगळे जोडले. अर्ज पोहोचल्याचा ईमेल लगेच आला. त्याची छापील प्रत मी पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवली आणि पीडीएफ घरी बाबांनाही पाठवून दिली. भेटीची वेळ मात्र संकेतस्थळावर दिसतच नव्हती. पहाटे नव्या वेळा खुल्या होतात असे ऐकून मी काही काळ गजर लावून उठत असे, परंतु आमच्या कार्यालयात अर्ज तपासून झाल्यावर तेच वेळ कळवतात, हे कळल्यानंतर तो उद्योग सोडून दिला.

फेब्रुवारीत पत्र आले ते भेटीचे नव्हते. पैशाचा पुरावा अपुरा आहे, असे त्यात लिहिले होते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मी व्हिसासाठी अर्ज केला तेव्हा, म्हणजे २०२४च्या जूनमध्ये, विद्यार्थ्याने दाखवायची रक्कम वर्षाला ११,२०८ युरो, म्हणजे महिन्याला ९३४ युरो होती. १ सप्टेंबर २०२४पासून ती महिन्याला ९९२, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो झाली. ही रक्कम जर्मन विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी साहाय्याच्या दराशी जोडलेली असते, आणि तो दर वाढला की आपली रक्कमही वाढते. त्यामुळे आमच्या तुकडीतल्या अनेकांचा व्हिसा जुन्या हिशोबावर आणि परवाना नव्या हिशोबावर, अशी स्थिती झाली. शिवाय खात्यातून दरमहा रक्कम निघत असल्यामुळे फेब्रुवारीपर्यंत शिल्लक निम्म्याच्या जवळ आली होती, आणि कार्यालयाला मागच्या वर्षाशी कर्तव्य नव्हते. पुढच्या काळाचा खर्च कोठून येणार, एवढेच त्यांना हवे होते.

माझ्याकडे विद्यापीठातील विद्यार्थी साहाय्यकाच्या कामाचा करार होता. आपली मुले याला हिवी म्हणतात. मार्च २०२४पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे आणि विद्यापीठातले असे काम त्या मर्यादेत मोजले जात नाही, त्यामुळे तो करार मोठा आधार ठरेल असे मला वाटत होते. आधार ठरला, पण करार एका सत्राचाच असल्यामुळे तेवढ्याच महिन्यांपुरता धरला गेला. उरलेल्या काळासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भर घालण्यावाचून मार्ग नव्हता.

येथे भारतातल्या आर्थिक वर्षाचा संबंध आला. परदेशी पाठवलेल्या रकमेवर बँक जो टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, तो एका आर्थिक वर्षात सात लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर लागत असे, आणि जूनमध्ये पाठवलेल्या पहिल्या रकमेने ती मर्यादा आधीच ओलांडली होती. शिक्षणासाठी स्वतःच्या बचतीतून पाठवलेल्या पैशावर हा दर पाच टक्के होता. त्यातच फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात १ एप्रिलपासून मर्यादा दहा लाख होणार असल्याची घोषणा झाली. बाबांनी फोनवर विचारले, "अगं, एप्रिलपर्यंत थांबता नाही येणार का? नवं वर्ष सुरू झालं की काहीच कापलं जाणार नाही." प्रश्न रास्त होता. कापलेली रक्कम विवरणपत्र भरल्यावर परत मिळते किंवा करात वळती होते, पण तोवर ती अडकते. दुसरीकडे, कार्यालयाने कागद देण्यासाठी दिलेली मुदत मार्चच्या सुरुवातीची होती. मी मुदत वाढवून मागू शकले असते आणि बहुधा ती मिळालीही असती. परंतु व्हिसा संपत असताना फाइलवर अपूर्ण असा शेरा राहू द्यायला मी तयार नव्हते. आईने बाबांची समजूत घातली, बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म भरला गेला, पैसे आले आणि मी नवा उतारा पाठवला. हा खर्च टाळता आला असता का, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

व्हिसा संपण्याच्या सुमारास टपालाने एक घडीचा कागद आला. त्याला फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग म्हणतात. अर्ज प्रलंबित असताना आधीची परवानगी चालू आहे, याचा तो अधिकृत दाखला, आणि त्याचे शुल्क १३ युरो. कागदावर तीन चौकटी असतात आणि त्यांतली कोणती खुणावली आहे यावर सगळे अवलंबून असते. माझ्या कागदावर तिसरी, म्हणजे ८१ व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमाची चौकट खुणावलेली होती. ही खूण असेल तर जर्मनीबाहेर जाऊन परत येता येते. वरच्या दोन चौकटींपैकी एखादीवर खूण असेल तर तसे परतता येत नाही. कागद हाती आल्याबरोबर खूण तपासावी आणि चूक वाटल्यास त्याच दिवशी लिहावे. दिसायला हा कागद साधाच असतो. त्यावर ना आकर्षक शिक्के असतात ना चिप, त्यामुळे जर्मनीबाहेरच्या कोणालाही तो महत्त्वाचा वाटत नाही. सत्रांच्या मधल्या सुटीत गुढीपाडव्याला घरी जाण्याचा माझा बेत होता, तो मी रद्द केला. परतण्याचा हक्क कायद्याने होता, यात शंका नव्हती. मुंबईच्या विमानतळावर मध्यरात्री चेक-इनच्या रांगेत, मुदत संपलेल्या व्हिसाशेजारी हा कागद ठेवून तो हक्क समजावून सांगण्याची माझी तयारी नव्हती. माझ्या ओळखीचे एक-दोघे जाऊन आले आणि त्यांना अडचण आली नाही. ज्यांना जावेच लागते त्यांनी मध्ये दुसऱ्या देशात न थांबता थेट जर्मनीत उतरणारे विमान घ्यावे, एवढे मी सुचवेन.

हिवीच्या कामाच्या नूतनीकरणासाठी विद्यापीठाच्या कर्मचारी विभागाने परवान्याची प्रत मागितली, तेव्हा हाच कागद आणि व्हिसाची प्रत एकत्र दिली. त्यांच्याकडे असे विद्यार्थी दर सत्रात येत असावेत, कारण कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

भेटीची वेळ एप्रिलच्या अखेरीस मिळाली. कार्यालयाची भाषा जर्मन आहे हे नियमातच आहे, त्यामुळे अधिकारी इंग्रजी बोलले नाहीत याचा राग मानण्यात अर्थ नसतो. समोरच्या बाई हळू आणि स्पष्ट बोलत होत्या. त्यांनी मूळ कागद पाहिले, दोन्ही तर्जनींचे ठसे घेतले, सही घेतली, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो घेतला. मे २०२५पासून असे फोटो डिजिटल स्वरूपात देण्याचा नियम आला, त्यामुळे आता स्टुडिओतून छापून नेलेल्या फोटोवर विसंबू नये. त्यानंतर बाईंनी विचारले, "अभ्यास कसा चालला आहे?" मला वाटले गप्पा मारत आहेत, म्हणून हवामानाविषयी बोलावे तसे काहीतरी म्हणाले, तोवर त्यांनी उत्तीर्ण विषयांचा उतारा पुढे मागितला होता. मी तो सोबत नेला होता. पहिल्या परवान्याला तो यादीत नसतो, पण विचारतात. मग शंभर युरोंचे शुल्क यंत्रात कार्डाने भरून पावती दाखवली आणि काम झाले. मी ज्या कामासाठी अर्धा वर्षभर कागद जमवले, ते काम प्रत्यक्षात एका चहाच्या वेळात उरकले.

कार्ड बर्लिनमधील केंद्रीय छपाई संस्थेत तयार होते, स्थानिक कार्यालयात नाही. त्यामुळे तेथे जाऊन घाई करण्याने काही साधत नाही. आधी कार्डाच्या पिनचे, म्हणजे गुप्त क्रमांकाचे, पत्र घरी टपालाने येते, आणि येथे टपालपेटीवरच्या त्या आडनावाचा उपयोग झाला. माझ्याच वर्गातील एकाचे पिनपत्र पेटीवर नाव नसल्यामुळे परत गेले. कार्ड घेण्यासाठी मी स्वतः गेले. कार्डासोबत एक वेगळे जोडपत्र मिळते आणि काम करण्याच्या अटी त्यावर छापलेल्या असतात. नोकरी देणारे कार्डापेक्षा हे जोडपत्रच आधी मागतात, त्यामुळे दोन्ही एकत्र ठेवावे. कार्डावर माझे आणि बाबांचे नाव एका ओळीत, माझीच दोन नावे असल्यासारखे छापलेले आहे.

आता पुढच्या तुकडीचे विद्यार्थी मला विचारतात, तेव्हा मी पासपोर्टच्या मुदतीकडे आधी पाहायला सांगते, कारण पासपोर्ट संपतो त्याच्या पुढची तारीख परवान्यावर सहसा दिली जात नाही. ज्यांचा पासपोर्ट दोन वर्षांच्या आत संपतो, त्यांनी भारतातून निघण्यापूर्वीच त्याचे नूतनीकरण करून घ्यावे. येथे ते भारतीय दूतावासाकडून होते, पण नवा पासपोर्ट आल्यावर कार्डासाठी पुन्हा याच कार्यालयात यावे लागते. खोली बदलली तर पत्त्याची नोंदणी पुन्हा करावी लागते आणि कार्डाच्या मागच्या बाजूला नव्या पत्त्याची चिकटपट्टी लावून मिळते. माझ्या कार्डाची मुदत दोन वर्षांची आहे. मुदतवाढीचे शुल्क ९३ युरो आहे, आणि त्या वेळी उत्तीर्ण विषयांचा उतारा मागण्याआधीच जोडायचा असे मी ठरवले आहे.